ग्राहक डबा उघडू देत नाही

आता तुम्ही आलाच आहात, चहाही उकळतोय, तर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. कसालच्या बाजारात ऐकायला गेलात तर तिला भरपूर तिखटमीठ लागलेलं असेल. तिथे म्हणे मी केराच्या डब्यात पाच तोळे सोनं लपवलं होतं. पाच तोळे! अहो, चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस मी. माझ्याकडे लपवण्यासारखं काही असेल तर ते अज्ञान, आणि तेही या प्रकरणात उघडं पडलं.

तर या सगळ्याचं मूळ म्हणजे एक व्हॅक्यूम क्लीनर.

मे महिन्यात माझा मुलगा मंदार पुण्याहून आला. सोबत सूनबाई प्राजक्ता, नात इरा, वय वर्षं आठ, आणि गाडीच्या डिकीत हे यंत्र. म्हणाला, "बाबा, तुमची कंबर दुखते ना? आता वाकायचं नाही. हे वापरायचं."

कंबर दुखते हे मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. दर रविवारी फोन येतो, काहीतरी सांगावं लागतं ना! नुसतं 'बरं आहे' म्हटलं की फोन दीड मिनिटात संपतो. कमरेवर सहा मिनिटं गेली होती. त्या सहा मिनिटांचं यंत्र होऊन दारात येईल हे मला काय ठाऊक?

यंत्र मात्र झकास, हे कबूल करायला हवं. पूर्वीच्या यंत्रांच्या पोटात कापडी पिशवी असायची. केर आत गेला की गेला, तोंड बघायला नको. याला पुढे पारदर्शक डबा. नळीतून आलेली हवा त्यात भोवऱ्यासारखी फिरते, जड केर कडेला फेकला जाऊन खाली बसतो, बारीक धूळ वरच्या जाळीत अडकते. मुठीजवळची लाल कळ दाबली की डबा खट्कन सुटून हातात येतो. कडेला एक रेघ असते, केर तिथवर आला की डबा रिकामा करायचा. मी हे सगळं इराला असं रंगवून समजावलं की पोरगी आ वासून बघत बसली. कितीतरी वर्षांनी माझा तास भरला होता हो! मागच्या बाकावर शेजारच्या शालू वैनी.

वैनी म्हणाल्या, "सर, ह्यो अजगर घरात कित्याक घेतलास?"

"अजगर नव्हे वैनी, यंत्र आहे. केर ओढून घेतं."

"आणि मगे केर जाता खंय?"

"डब्यात."

"म्हणजे केर घरातच रवता! मगे केर काढून उपेग काय?"

वैनींचा हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आठ दिवस घर नुसतं नांदत होतं. फणसाचे गरे, मालवणच्या किनाऱ्यावरून पायांना चिकटून आलेली वाळू, इराची चित्रकला, तिची चमकी, पेन्सिलीचं टोक काढल्यावर पडणारी ती फुलं, सगळं जमिनीवर. मी एकदाही ओरडलो नाही. मंदार लहान असताना एका पेन्सिलीच्या सालीवरून मी घर डोक्यावर घेतलं होतं. तो प्राजक्ताला म्हणाला पण, "हे माझे बाबा नाहीत. बदलून दिलेत कोणीतरी."

मग जायचा दिवस उजाडला. सकाळी सहाला गाडी निघाली. उन्हाच्या आत घाट चढायचा म्हणून घाई. इराने मागच्या काचेतून हात हलवला. वळणावर गाडी दिसेनाशी झाली, आणि मी घरात आलो.

तुम्ही कधी भरलेल्या घरातून एकदम रिकाम्या घरात आलायत? भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. आठ दिवस ते घड्याळ होतं कुठे? मला तो आवाज ऐकवेना. म्हणून मी काय केलं, सरळ यंत्राचं बटण दाबलं. काय तो आवाज! घरात चार माणसं भांडतायत असं वाटावं. मला बरं वाटलं. दहा मिनिटांत माजघर, पडवी, खोल्या, सगळं चकाचक. डब्यात वाळू, वेफर्सचा चुरा, पेन्सिलीची फुलं, चमकी, आणि या सगळ्यात इराचं केसांचं एक गुलाबी रबर. यंत्र बंद करून मी डब्याकडे कौतुकाने बघतोय, तेवढ्यात शालू वैनी घावणे घेऊन दारात.

त्यांनी एकदा जमिनीकडे बघितलं आणि ताट खाली ठेवलं.

"सर! गाडी अजून नांदगावच्या तिठ्यार पावली नसतली, आणि तुमी केर काढलास?"

 तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे माणूस प्रवासाला बाहेर पडलं की मागोमाग केर काढत नाहीत. माणूस घरातून कायमचं जातं तेव्हाच तसा काढतात. माझी बायको सुमन तर पोचल्याचा फोन येईपर्यंत केरसुणीला हात लावायची नाही. आणि मी तिला आयुष्यभर हसलो. "सुमन, केरसुणीचा आणि मोटारीच्या चाकाचा काय संबंध? सिद्ध करून दाखव." ती काही सिद्ध करायच्या भानगडीत पडायची नाही. नुसती केरसुणी दाराआड ठेवून द्यायची. तीन वर्षं झाली तिला जाऊन.

वैनी म्हणाल्या, "सुमनताई आसती तर तुमका ह्या मशीनीक हात लावूक दिल्यान नसता."

"वैनी, ही अंधश्रद्धा आहे."

"आसांदे. घावणे खावा." आणि त्या गेल्या.

घावणे कसले घशाखाली उतरतायत! मी मंदारला फोन लावला. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता...' घाटात फोन लागत नाही, हे मला माहीत आहे. कारणासकट माहीत आहे. वर्गात शिकवलंय! तरी मी सात वेळा लावला. मग स्वतःला बजावलं, तू विज्ञानाचा शिक्षक, शास्त्रीय विचार कर. केला. केर काढणे या क्रियेचे भाग दोन. एक, गोळा करणे. दोन, बाहेर टाकणे. पहिला झालाय, दुसरा झालेला नाही. केर डब्यात आहे, डबा घरात आहे, म्हणजे केर घरातच आहे. म्हणजे केर काढलेलाच नाही! वैनींचाच तो प्रश्न, मी उत्तर म्हणून वापरला.

हा सिद्धांत घेऊन मी तडक वैनींच्या अंगणात, खळ्यात गेलो. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"भायर नाय ना टाकलास?"

"कणभर नाही."

"मगे बरा. पावल्याचो फोन येयसर तो डबो उघडू नकात."

हायस्कूलच्या निवृत्त विज्ञान शिक्षकाने सातवी शिकलेल्या शालू वैनींकडून प्रमाणपत्र घेतलं आणि मग कुठे त्याने घावणे खाल्ले.

दुपारी तीनला फोन आला. "बाबा, पोचलो. ट्रॅफिक होतं." मी म्हटलं, "बरं झालं." एवढंच. सकाळपासून मी काय केलं ते कुठल्या तोंडाने सांगणार?

आता डबा रिकामा करायला काहीच हरकत नव्हती. मी तो सोडवला, मागे माडाच्या मुळात घेऊन गेलो, झाकणाच्या कळीवर अंगठा ठेवला. आणि आत बघितलं. ती चमकी, ती वाळू, ते गुलाबी रबर. माझ्याच्याने कळ दाबवेना. खरं सांगतो, लाज सोडून सांगतो, मला रडू आलं. अहो, केरावर कोणी रडतं का? 'उद्या टाकू' म्हणून मी डबा परत आणला आणि बसवला.

उद्या टाकला नाही. परवा टाकला नाही. उलट काय झालं ते ऐका. यंत्र चालू केलं की तो केर डब्यात गोल फिरायचा. इराची चमकी चमचम करत कडेकडेने धावायची. पेन्सिलीची फुलं उडायची. मी दिवसातून तीन-तीनदा केर काढू लागलो! एकट्या माणसाच्या घरात केर तरी किती असणार? पण मी स्वच्छ जमिनीवरूनच पुन्हा पुन्हा नळी फिरवायचो आणि डोळे डब्यावर ठेवायचो. आवाजही व्हायचा, सोबतही व्हायची. ज्या कोणी हा डबा पारदर्शक करायचं ठरवलं, त्याने माझ्यासारख्या माणसाचा विचारच केलेला नाही. कापडी पिशवी असती तर मला काही दिसलं नसतं आणि पुढचं रामायण घडलंच नसतं.

पण थोडा थोडा का होईना, माझाही केर साठत होता. करडा, निव्वळ धूळ. तीन आठवड्यांत डबा रेघेच्या वर गेला. मग एके दिवशी यंत्र नुसतं घुरघुरायला लागलं. ओढेना. आत काही फिरेना. चमकी दिसेनाशी झाली.

नेमका रविवार. मंदारचा फोन. "बाबा, मशीन कसं चाललंय?"

आता काय सांगू? 'तुझ्या मुलीचा केर जपून ठेवलाय म्हणून बंद पडलंय' असं सांगू? मी म्हटलं, "ओढत नाही रे."

"असं कसं? महिनाही झाला नाही! थांबा, मी तक्रार करतो."

मंदार म्हणजे कामाला वाघ. संध्याकाळच्या आत कंपनीतून एका मुलीचा फोन आला. अगदी पुस्तकी मराठी.

"सर, आपण यंत्राचे धूळपात्र रिकामे केले आहे का?"

"नाही."

"कृपया रिकामे करून पाहाल का, सर?"

"नाही."

"कारण सांगू शकाल का, सर?"

"घरगुती आहे."

 मग ती म्हणाली, "तंत्रज्ञ पाठवते, सर."

दुसऱ्याच दिवशी कुडाळहून तंत्रज्ञ आले. परब. माणूस पन्नाशीचा, शांत, चष्मा कपाळावर. त्यांनी यंत्राकडे एकदाच बघितलं.

"सर, मशीनीक काय्येक झालेला नाय. डबो भरलो हा. रिकामो करूया, दोन मिनटांचा काम." आणि त्यांनी लाल कळीकडे हात नेला.

मी मध्ये उभा राहिलो. "डब्याला हात लावायचा नाही."

"डब्याक हात न लावता मशीन कसा बघतलंय मी?"

"बाकीचं बघा."

"बाकीच्यात काय नाय, सर. जा काय आसा ता डब्यातच आसा."

"म्हणूनच हात लावायचा नाही. माझी एक वस्तू आहे त्यात."

परबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग डब्याकडे. मग परत माझ्याकडे. मी त्यांना चहा दिला. ते तासभर बसले. मुलगी, जावई, मधुमेह, सगळं बोलणं झालं. फार बरं वाटलं. निघताना त्यांनी कागद काढला, आणि मोठ्याने वाचत वाचत, एकदम शुद्ध भाषेत लिहिलं, "ग्राहक डबा उघडू देत नाही." त्याखाली मी सही केली. लफ्फेदार.

परब जाताना कसालच्या तिठ्यावर चहाला थांबले असणार. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी शालू वैनी आल्या त्या दारातूनच डोळ्यांना पदर लावून.

"सर, खरा सांगा. सुमनताईची कुडी मेळली ना?"

कुडीचं तुम्हाला सांगायला हवं. सुमनच्या कानात मोत्याच्या कुड्या असायच्या, तिच्या आईने दिलेल्या. शेवटच्या आजारपणाच्या गडबडीत त्यातली एक हरवली. घर पालथं घातलं, गाद्या उसवल्या, मिळाली नाही. सुमन शेवटपर्यंत विचारायची, "गावली काय हो?" उरलेली एक माझ्या कपाटात स्टीलच्या डबीत.

वैनींचा तर्क असा, की यंत्राने कपाटाखालून ती ओढून काढली, आणि सर डबा उघडत नाहीत ते मंदार येईपर्यंत, त्याच्यासमोर उघडायचा म्हणून. मी तोंड उघडलं ते 'नाही' म्हणायलाच. पण वैनी अशा काही बघत होत्या! माझ्या तोंडून निघालं, "असेल."

बस्स. एक शब्द. दुपारपासून माणसं यायला लागली. डबा बघायला! पडवीत चटई घातली. कोणी उजेडाकडे धरून बघे, कोणी कानाशी हलवून बघे. एकाला मोती दिसलासुद्धा! तीन वर्षांत माझ्या पडवीत एवढी माणसं बसली नव्हती. सुमनच्या बाराव्यानंतर पहिल्यांदाच. मी चहा करत होतो आणि हो ला हो म्हणत होतो. मला कळत होतं की हे चुकतंय. पण संध्याकाळी सगळी उठून गेली की वाटायचं, उद्या परत येतील.

आणि मग मंदारचा फोन. बुधवार होता. रविवार नव्हता!

"बाबा," आवाज कसातरीच, "शालू काकू म्हणतायत ते खरं? आईची कुडी सापडली?"

आता सांगा, इथे कोणताही शहाणा माणूस खरं बोलला असता. मीही बोलणार होतो. पण तो पुढे म्हणाला, "आम्ही शनिवारी येतोय. डबा उघडू नका. परबांनाही बोलावलंय."

शनिवारी येतोय! गणेशचतुर्थीच्या आधी येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "या."

फोन ठेवल्यावर डोकं ताळ्यावर आलं. डब्यात कुडी नाही. शनिवारी डबा उघडणार. आईच्या कुडीसाठी पोरगा घाट उतरून येणार आणि पेन्सिलीच्या साली बघून परत जाणार. काय करू? गुरुवार विचारात गेला. शुक्रवारी दुपारी मला ती कल्पना सुचली. माझ्या उभ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार कल्पना, असं मला त्या वेळी वाटलं.

कपाटातून स्टीलची डबी काढली. त्यातली कुडी घेतली. यंत्राचा डबा सोडवला, वरची जाळी हलकेच उचलली, चिमट्याने कुडी मधोमध खोल सोडली, जाळी बसवली, डबा बसवला. झालं! उद्या कुडी सापडणार!

हसताय? तुम्हाला आत्ताच कळलं? मला नाही कळलं हो! शपथेवर सांगतो, मी त्या दुपारी समाधानाने झोपलो.

शनिवारी पडवीत वर्तमानपत्र पसरलं. मंदार, प्राजक्ता, इरा, शालू वैनी, परब. मंदारने यंत्र मांडीवर घेतलं, लाल कळ दाबली, डबा सोडवला आणि खालचं झाकण उघडलं. भस्सकन ढीग कागदावर आला. तो बोटांनी धूळ बाजूला करू लागला. दोन मिनिटांतच मोती चमकला.

मंदारने कुडी तळहातावर घेतली. डोळे भरून आले त्याचे. वैनींनी हात जोडले. माझेही डोळे भरले, कारण मला क्षणभर खरंच वाटलं की ती सापडली.

परब मात्र वाकून बघत होते. "सर, तीन वर्सां कपाटाखाली होती म्हणतास. हिका धूळ कशी लागाक नाय?"

"मोत्याला धूळ धरत नाही," मी ठोकून दिलं. शास्त्रीय स्वरात.

तेवढ्यात प्राजक्ता उठली. "थांबा, दुसरी आणते कपाटातून. जोडी आईंच्या फोटोपुढे ठेवू."

मी म्हटलं, "राहू दे, राहू दे, सावकाश..." पण ती आत गेलीसुद्धा. आतून डबी उघडल्याचा आवाज आला. 

ती बाहेर आली ती उघडी डबी पुढे धरून. रिकामी.

शालू वैनी किंचाळल्या, "अगो बाय माझ्या! एक गावली आणि दुसरी खंय गेली?"

'वस्तू शून्यातून निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही.' चौतीस वर्षं हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. विद्यार्थ्यांकडून शंभरदा लिहून घेतलं. आणि स्वतः एका कुडीतून दोन कुड्या काढायला बसलो होतो! मंदार माझ्याकडे बघत होता. तो माझाच विद्यार्थी. त्याला नियम पाठ.

"बाबा, ही डबीतलीच ना?"

मी वर्तमानपत्राची घडी सरळ करू लागलो. आणि नेमकं तेव्हाच, ढिगात हात घालून बसलेली इरा ओरडली, "हे तर माझं रबर! आणि ही माझी चमकी! आजोबा, हा सगळा माझा कचरा आहे!"

"डबा तेव्हापासून रिकामाच केला नाहीत?" मंदारने विचारलं. "म्हणून ओढत नव्हतं? मग केला का नाहीत?"

आता एक सांगतो. मी घरीदारी शुद्ध बोलणारा माणूस. शाळेची सवय. सुमन चिडवायची, "ह्येंका ताप इलो तरी शुद्ध येता." पण त्या वेळी माझ्या तोंडून शुद्ध काही निघेना.

"माका करमत नाय रे," मी म्हटलं. "तुमी गेलास काय घर खावक उठता. ता आमच्या इराचा, चेडवाचा सगळा त्या डब्यात होता. टाकूक हात होयना."

 वैनी खाली बघत होत्या. परबांनी खिशातून तो कागद काढला, बराच वेळ पेन धरून बसले, आणि शेवटी हळूच विचारलं, "सर, आता काय लिवू?" मग स्वतःच लिहिलं, "यंत्र ठीक आहे." सही घेतली, डबा धुऊन पुसून बसवून दिला, आणि चहा न घेता गेले.

मंदार बराच वेळ खळ्यात उभा होता. परत आला तो माझ्याशेजारी बसला. "बाबा, 'या' म्हणून एक फोन करायचा होता."

"कारण काय सांगणार?"

"कारण कशाला लागतं?"

"तुम्हाला सुट्टी मागायला कारण लागतं ना," मी म्हटलं.  त्याने माझा हात धरून ठेवला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा.

कुडी सुमनच्या फोटोपुढे ठेवली. एकटीच. दुसरी अजून सापडलेली नाही, सापडेल असं वाटतही नाही.

रविवारी सकाळी गाडी निघाली. वळणावर दिसेनाशी झाली. मी घरात आलो, घड्याळाचा आवाज ऐकत खुर्चीत बसलो. यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. शालू वैनी तपासणीला हजर.

"केर काढूक नाय ना?"

"नाही वैनी."

"पावल्याचो फोन येंदे. मगे काढा."

तीनला फोन आला. चांगली पंधरा मिनिटं बोललो, कंबर मध्ये न आणता. मग उठून यंत्र काढलं, नळी घेऊन जेवणाच्या टेबलाखाली वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो.

टेबलाखाली एक नीट रचलेला ढीग होता. पेन्सिलीची ताजी फुलं, रंगीत कागदाचे कपटे, मूठभर चमकी, अर्धं बिस्कीट आणि एक गुलाबी रबर. ढिगावर वहीचं पान, त्यावर इराचं अक्षर:

'आजोबा, हा कचरा तुमच्यासाठी. चतुर्थीपर्यंत पुरवा. ह्यात कुडी टाकू नका.'